ह्यांनी काढलेली मी

५ जानेवारी

निरोपाच्या समारंभात ही दैनंदिनी मिळाली. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीमागे जन्म काढलेल्या बाईला द्यायचं तरी काय, हे कुणाला सुचलं नसावं. मला मात्र आवडली. निदान हिच्यावर मुदत संपल्याची तारीख नाही.

लिहिणार आहे, पण लपवून. कारण घरात ह्यांचा लाल पेन आहे. हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळायचा, त्यामुळे घरी फुकट काढायचे. मी आईला लिहिलेली पत्रंसुद्धा दुरुस्त होऊनच पाकिटात जायची. लग्नानंतर पहिल्यांदा रुसून माहेरी गेले, तेव्हा चिठ्ठी ठेवून गेले होते. परत आले तर चिठ्ठीवर लाल खुणा, आणि खाली लिहिलेलं, 'भांडण मान्य, पण विरामचिन्हं?' तेव्हापासून माझ्या हातचा कागद मी ह्यांच्या नजरेला पडू देत नाही. ही वही चादरींच्या घडीत राहील.

आता बेत असा. आमच्याकडे एक कपाट आहे, त्याचं नावच 'म्हातारपणी वाचू'. हौसेने घेतलेली, छापखान्यातून मिळालेली सगळी पुस्तकं त्यात कोंबलेली. ते उघडायचं. वाचनालयाच्या इमारतीत चित्रकलेचा वर्ग आहे, तिथे दोघांनी जायचं. आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काही लोक गप्प बसायला जमतात, तिथेही. मला देवाधर्माचं फारसं कळत नाही. पण खिडकीशी येणारी माणसं पुडी हातात घेऊन विचारायची, "ह्याने बरं वाटेल ना हो?" आणि मी सांगायची, "जेवणानंतर घ्या." त्यांचा प्रश्न तो नव्हता, हे मला कळायचं. त्याचा विचार करायला आता तरी वेळ आहे.

९ जानेवारी

कपाट उघडलं. धुळीने दोघं शिंकून शिंकून बेजार. मी म्हटलं, एक तुम्ही घ्या, एक मी घेते, रात्री जेवताना एकमेकांना सांगू. हे म्हणाले, "नको. एकच घेऊ. तू मोठ्याने वाच, मी ऐकतो."

"तुम्ही? आणि ऐकणार?"

"अगं, मी जन्मभर अक्षरं वाचली. पुस्तक एकही वाचलं नाही. डोळा चुकीवर असला की गोष्ट दिसतच नाही. आता तुझ्या तोंडून ऐकू दे."

इतकं सरळ हे कधी बोलत नाहीत. मी खुर्ची खिडकीशी ओढली, शाल घेतली आणि वाचायला लागले. अडखळत होते, दोन-तीन शब्द तर साफ चुकले. ह्यांनी एकदाही टोकलं नाही. डोळे मिटून बसले होते. माझा आवाज मलाच बरा वाटायला लागला.

१६ जानेवारी

वरच्या मजल्यावर जाऊन आलो. मूर्ती नाही, तसबीर नाही. नुसत्या खुर्च्या आणि पांढऱ्या भिंती. वर्ग चालवणाऱ्या बाईंना मी मौनीबाई नाव ठेवलं आहे, कारण दाराच्या आत पाऊल टाकेपर्यंत आणि दारातून बाहेर पडल्याबरोबर त्यांच्या जिभेला विसावा म्हणून नसतो.

मला काही जमलं नाही. आधी नाकाला खाज सुटली, मग घरी गॅस बंद केला की नाही ते आठवेना. हे मात्र दगडासारखे स्थिर. मौनीबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांची बैठक पूर्वजन्मीची दिसते." मला अभिमान वाटला आणि थोडी असूयाही.

जिना उतरताना ह्यांनी माझं कोपर धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. शेजारीण फाटकात उभी होती. तिच्यादेखत! ऐन तारुण्यात हे माझ्या चार पावलं पुढे चालायचे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर सोडलं असतं.

३० जानेवारी

चित्रांचा वर्ग. आमचे चित्रमास्तर वयाने जावई शोभतील एवढे, पण मास्तर ते मास्तर. मी औषधांच्या बाटल्या काढते. मला दुसरं काय येणार? मास्तर म्हणतात, "काकू, बाटली छान आहे, पण लेबलवरची अक्षरं इतकी नीट कशाला?"

ह्यांचा हात मात्र मोकळा सुटला आहे. सुरुवातीला केसासारख्या रेघा मारायचे, आता चांगले जाड फराटे मारतात. मास्तर खूश. ह्यांचं रंगांचं टेबल म्हणजे नुसता गोंधळ असतो. ट्यूबा एका रांगेत ठेवतात खऱ्या, पण पांढऱ्याशेजारी मातकट पिवळा, त्याच्याशेजारी तांबडा, मधेच काळा. मी विचारलं, ही कुठली रीत? म्हणाले, "माझी." मी हात लावायला गेले तर चक्क खेकसले. मग मीही दिवसभर अबोला धरला.

११ फेब्रुवारी

ह्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. इतकी वर्षं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, अगदी जाहिरातींतल्याही चुका काढत वाचायचे. म्हणाले, "मनाला त्रास होतो." मौनीबाईंना सांगितलं तर त्यांनी हात जोडले. "वैराग्य, दुसरं काय!"

लेकीचा फोन आला होता. तक्रार. "आई, मी नव्या घराचे इतके फोटो पाठवले, बाबा एक शब्द बोलले नाहीत. रागावलेत का?" मी म्हटलं, "बाळ, ते आता ह्या सगळ्याच्या पलीकडे चाललेत." मग म्हणाली, "पलीकडे म्हणजे कुठे?"

खरं लिहायचं तर मला एकटं वाटतं. आम्ही बरोबर निघालो होतो. हे पुढे गेले आणि मी अजून नाक खाजवते आहे. आज ह्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि फुटला. मी ओरडले, "लक्ष कुठे असतं तुमचं?" लक्ष आत असणार, हे मला कळायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

वही चुकून टेबलावर उघडीच राहिली. बाजारातून आले तर हे तिच्याशेजारी बसलेले, आणि लाल पेन समोरच्या पेल्यात. धावत येऊन पानं पाहिली. एकही खूण नाही.

मी विचारलं, "वाचलंत?"

"नाही."

आणि खरंच वाचलेलं नव्हतं, चेहऱ्यावरून कळलं. एवढी वर्षं माझा संसार लाल शाईत पोहत होता, आणि आज माझी उघडी वही समोर असून ह्यांनी नजर फिरवली नाही. माणूस इतका बदलू शकतो! मी आत जाऊन डोळे पुसले. आनंदानेच.

१२ मार्च

वर्गाचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येकाचं एक चित्र. हे माझं काढणार आहेत. खिडकीत, शाल घेऊन, पुस्तक वाचताना. मी म्हटलं, ह्या वयात माझं काय काढताय? म्हणाले, "ह्याच वयात काढायला पाहिजे. नंतर राहून जाईल." मी मेले बिले तर, असं म्हणायचं असेल. मी हसण्यावारी नेलं.

आज पहिली बैठक. हे माझ्याकडे सरळ बघतच नाहीत. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, बोहल्यावरच्या नवरदेवासारखे. मध्येच उठून जवळ आले आणि माझ्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली. "माप घेतोय," म्हणाले. मी पुस्तकातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले.

२० मार्च

चित्र सुरेख चाललं आहे. खिडकी झाली, शाल झाली, पुस्तक झालं. चेहरा उद्या करणार, मी बाजारात गेल्यावर. "तू समोर असलीस की बोलतेस," म्हणाले. समोर नसताना कसा काढणार, विचारलं, तर म्हणाले, "पाठ आहे."

मलाही ह्यांच्यासाठी काही करावंसं वाटलं. हे दुपारी झोपले तेव्हा रंगांचं टेबल आवरून टाकलं. ट्यूबा पुसल्या, टोपणांवरचा वाळलेला रंग खरवडला आणि सगळ्या अक्षरांप्रमाणे लावल्या, लेबलं समोर. माझी खिडकी अशीच असायची. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती बाटली यायची. उद्या बघतील तेव्हा खेकसतील, पण मनातून सुखावतील.

२१ मार्च

खेकसले नाहीत. टेबलाबद्दल काही बोललेच नाहीत.

बाजारातून आले आणि चित्र बघून मला हसूच आवरेना. पिशवी खाली ठेवून हसले. "अहो, हे काय? हिरवी केलीत मला! शेवाळ आलंय का माझ्या तोंडावर?"

हे ब्रश धरून उभेच राहिले. "हिरवी?"

"चांगली गडद हिरवी. कपाळापासून हनुवटीपर्यंत."

मग हेही हसले. जरा वेळाने हसले. "मुद्दाम केलंय. तशीच दिसतेस मला."

ब्रश न धुताच आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी जास्तच हसले असेन. कलावंताला असं हसू नये म्हणतात.

५ एप्रिल

प्रदर्शन झालं. हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

लेक मुद्दाम आली होती. हॉल भरलेला. हिरव्या चेहऱ्यासमोर लोक थांबत होते. मास्तरांनी सगळ्यांना गोळा करून भाषणच ठोकलं, की बघा, म्हातारपणाला कशी पालवी फुटली आहे, किती धाडसी रंग आहे. टाळ्या पडल्या. हे मागे दाराशी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, लाजले.

मग गर्दी पांगली. लेक माझ्याशी बोलत होती. हे आले आणि तिचा हात धरून म्हणाले, "चल, तुझी आई दाखवतो." दारापासून भिंतीला हात लावत, फ्रेमा मोजत गेल्यासारखे गेले आणि एका चित्रासमोर थांबले. "ही बघ. खिडकीत बसून वाचतेय. शाल तीच, तू दिलेली."

ते चित्र मी काढलेलं होतं. औषधांच्या बाटल्या.

मास्तरांनी सकाळी आमच्या दोन चित्रांची अदलाबदल केली होती, उजेडासाठी. आजूबाजूची माणसं हसली. काका काय पण चेष्टा करतात! मीही हसले. लेक हसली नाही. ती ह्यांच्या डोळ्यांसमोर आपला हात अगदी हळू हलवत होती, लहान मुलासमोर हलवतात तसा. हे बाटल्यांकडे बघून हसत होते, आणि सगळे का हसताहेत ते त्यांना कळत नव्हतं. मग कळलं. चेहरा उतरला तो मी पाहिला.

माझं हसणं तोंडातच राहिलं.

६ एप्रिल

लेकीने विचारलं तेव्हा ह्यांनी लपवालपवी केली नाही. मी रिटायर व्हायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजरेचा मधला भाग जातो, कडा राहतात. हळूहळू कडाही धूसर होतात. औषध नाही.

औषध नाही, हे ह्यांनी मला सांगायचं! डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या मी परक्या माणसांना रोज हातात देत होते, कुठल्या डोळ्यात किती वेळा ते सांगत होते. कोण चाचपडत येतं ते काचेपलीकडून ओळखायची मी. आणि घरात?

"मला का नाही सांगितलंत?"

"तू ते कपाट पुसत होतीस आणि गुणगुणत होतीस. तुला गुणगुणताना मी कित्येक वर्षांनी ऐकलं. कसं सांगू?" मग म्हणाले, "आणि सांगितलं असतं तर तू मला पेशंट केलं असतंस. लेबल लावून फळीवर ठेवलं असतंस."

मला इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. राग कसला, ते मात्र नंतर कळलं. चादरींतून ही वही काढून पहिल्यापासून वाचली. मोठ्याने वाचायला लावलं ते दिसत नव्हतं म्हणून. कोपर धरलं ते पायऱ्यांसाठी. वर्तमानपत्र, वैराग्य, उघडी वही, सगळं तेच. ज्या ज्या पानावर मी सुखाने रडले, ते प्रत्येक पान खोटं निघालं. माझ्या वाट्याला आलेलं इतकं प्रेम म्हणजे नुसतं आंधळेपण होतं का?

संध्याकाळी न राहवून विचारलंच. "माझं कोपर धरायचात ते जिन्यासाठी ना?"

"जिन्यासाठीच धरलं." थोडं थांबून म्हणाले, "पण फाटकापर्यंत कुठे जिना होता?"

मग ह्यांनीच विषय काढला. "वर्ग बंद करतो. रंग अजून काही महिने टिकतील असं वाटलं होतं. तुझा चेहरा तेवढा काढून ठेवायचा होता, बाकी गेलं तरी चाललं असतं. पण तेही गेले. मातकट पिवळा म्हणून हिरवा फासला मी तुझ्या तोंडावर, आणि मला कळलंही नाही."

ट्यूबांचा क्रम. पांढऱ्याशेजारी मातकट पिवळा, त्याच्याशेजारी तांबडा. डोळ्यांनी नाही, जागेवरून ओळखायचे. आणि ती जागा मी पुसून, खरवडून, अक्षरांप्रमाणे लावून टाकली होती.

ह्यांना वाटतंय की डोळ्यांनी दगा दिला. दगा मी दिला. लेक समोर होती म्हणून नाही सांगितलं, असं लिहिणार होते. ते खरं नाही. मी घाबरले.

९ एप्रिल

अजून सांगितलेलं नाही. हे दिवसभर खुर्चीत बसून असतात. ब्रश एका जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवून दिले आहेत.

आज वरच्या मजल्यावर एकटीच गेले. डोळे मिटले आणि ठरवलं, ह्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा. आला नाही. कान आला, मानेवरची कॉलर आली, चष्म्याची दांडी आली. मधला चेहरा काही केल्या येईना. इतकी वर्षं समोर होता म्हणून बघायचंच राहून गेलं. ह्यांना मी पाठ आहे. मला हे पाठ नाहीत. खुर्चीवर बसून हुंदके देत राहिले. बाहेर आल्यावर मौनीबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. नुसता हात हातात घेऊन उभ्या राहिल्या.

१० एप्रिल

संध्याकाळी हे म्हणाले, "आज काही वाचणार नाहीस?" मी कपाटाकडे न जाता ही वही आणली आणि पाच जानेवारीपासून वाचायला लागले. लाल पेनवर हसले. मौनीबाईंवर हसले. नवरदेवावर हसले नाहीत. वीस मार्चलाही मी थांबले नाही. पुसल्या, खरवडल्या, अक्षरांप्रमाणे लावल्या.

"म्हणजे ट्यूब तिथे नव्हतीच?"

"नव्हती. मी हलवली."

"म्हणजे माझा हात बरोबर जागी गेला होता?"

"अगदी बरोबर जागी."

हे हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. "जन्मभर चुका शोधल्या आणि ही एवढी मोठी सापडली नाही!" मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. म्हटलं, "माफ करा." म्हणाले, "अगं, तुझं लावणं मला दिसलं नाही आणि माझं तुला कळलं नाही. आता ये, लाव परत." त्यांनी सांगत जायचं आणि मी ठेवत जायचं. पांढरा डाव्या टोकाला. मातकट पिवळा त्याला चिकटून. मग शालीचा तांबडा.

"उद्या परत बस खिडकीत," म्हणाले.

२८ मे

पुष्कळ दिवस बसले. कधी उजेड कमी पडायचा, कधी ह्यांचं डोकं दुखायचं. ट्यूबांना मी बोट लावलं नाही, धूळ बसली तरी. मी वाचत असायची आणि हे रंगवत असायचे. मी मध्ये थांबले की ब्रशही थांबायचा.

आज म्हणाले, "झालं. बघ."

खिडकी अगदी आमची. पुस्तक, त्यावरची माझी बोटं, कानामागे सारलेले पांढरे केस. सगळं जिथल्या तिथे. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. कोरं कापड.

मी हळूच म्हटलं, "अहो, चेहरा राहिला."

"राहिला नाही. तो काढता येणार नाही आता." माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवून म्हणाले, "मागच्या वेळी खोटं बोललो होतो. हे खरं आहे. तशीच दिसतेस मला. कडेकडेने सगळी आहेस. मधे तू नाहीस."

मी त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला. आजूबाजूचा रंग अजून ओला होता, तेवढाच भाग कोरडा.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

मी म्हटलं, "एकही चूक नाही." मग खुर्चीत बसले आणि काल सोडलं होतं तिथून पुढे वाचायला लागले.

शालीचा तांबडा मात्र अगदी बरोबर आला आहे.